वाचक विचारतात : विष्णुदास भावे, सांगली आणि रंगभूमी दिन

5 नोव्हेंबर, म्हणजे विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केले तो दिवस, मराठी रंगभूमी दिन. त्या निमित्ताने आलेल्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला आहे : विष्णुदासांच्या प्रतिमेला हार घालून दोन नाट्यपदे म्हटली, की झाला का दिवस साजरा? आमचे मत असे, की भाव्यांचे खरे स्मरण त्यांच्या पद्धतीचे एक आख्यान, म्हणजे पदांतून मांडलेली पुराणकथा, रंगमंचावर उभे करण्यात आहे. त्याला मोठा रंगमंच लागत नाही, नेपथ्य लागत नाही, खर्चही फारसा नाही. म्हणून या वेळी प्रयोगाच्या तपशिलाला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : भाव्यांना 'आद्य नाटककार' म्हणतात. पण त्यांच्या आधी तंजावरला मराठी नाटके लिहिली गेली होती ना? मग 1843 सालच का धरायचे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तंजावरचे म्हणणे खरे आहे. तिथल्या भोसले राजांनी, विशेषतः 1684 ते 1712 या काळात राज्य करणाऱ्या शाहराजांनी, मराठीत नाटके रचली. ती सरस्वती महाल ग्रंथालयात जपून राहिली. पण ती तंजावरच्या दरबाराबाहेर पडून महाराष्ट्रात आली नाहीत आणि इकडे त्यांच्यातून परंपरा निघाली नाही. कोकण-गोव्यातला दशावतार, तमाशा, लळिते हे सगळेही भाव्यांच्या आधीचेच. त्यामुळे 'मराठीत पहिल्यांदा कुणी सोंग घेतले' याचे उत्तर म्हणून भाव्यांचे नाव घेणे बरोबर नाही.

1843 चे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. 1842 च्या सुमारास उत्तर कन्नड भागातल्या कर्की गावची भागवत मंडळी, म्हणजे गाऊन-नाचून पुराणकथा दाखवणारे यक्षगानाचे पथक, सांगलीत खेळ करून गेली. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांना तो प्रकार आवडला, पण त्यातला धांगडधिंगा खटकला. आपल्याकडे काम करणाऱ्या अमृतराव भाव्यांच्या हुशार, हरहुन्नरी मुलाला त्यांनी सांगितले, की असे काहीतरी मराठीत, नेटके करून दाखव. त्यातून 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीच्या राजवाड्यात 'सीता स्वयंवर' झाले. पुढे 1851 साली आप्पासाहेब वारले आणि राजाश्रय आटला. इथे बहुतेक कलावंत थांबले असते. विष्णुदासांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरायचे ठरवले, 1853 मध्ये मुंबई गाठली आणि तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकापुढे नाटक नेले. मुंबईच्या मुक्कामात गोपीचंदाचे आख्यान त्यांनी हिंदुस्तानीतही केले. फिरती मंडळी, ठरलेली नटसंख्या, पैसे देणारा प्रेक्षक ही व्यवस्था पाहून गावोगाव नाटक मंडळ्या निघाल्या. व्यावसायिक मराठी रंगभूमीची वंशावळ अखंडपणे मागे नेत गेलो, तर ती 1843 च्या सांगलीला पोचते. म्हणून तो दिवस.

जोतीराव फुल्यांच्या 1855 च्या 'तृतीय रत्न'चा उल्लेखही अशा चर्चेत यायला हवा. मुद्दाम लिहिलेले, सामाजिक प्रश्न मांडणारे गद्य नाटक या अर्थाने त्याचा मान स्वतंत्र आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्यासाठी भांडायचे कारण नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत इयत्ता सातवी-आठवीच्या मुलांकडून भाव्यांच्या पद्धतीचे 'सीता स्वयंवर' करून घ्यायचे आहे. त्या काळी नेमके काय होत असे आणि आज ते किती वेळात, किती मुलांत बसेल? (एक शिक्षिका, विटा)

उत्तर : आधी मूळ क्रम लक्षात घ्या. सुरुवातीला सूत्रधार आणि त्याचे साथीदार मंगलाचरण म्हणत. मग वनचराच्या वेषातला विदूषक उड्या मारत येई आणि सूत्रधाराशी थट्टामस्करी करी. त्यांच्या बोलण्यातून आज कोणते आख्यान लावायचे ते प्रेक्षकांना कळे. त्यानंतर गणपतीचे स्तवन, गणपतीचे आगमन आणि आशीर्वाद. मग मोरावर बसलेल्या सरस्वतीचे नृत्य. एवढे झाल्यावर मूळ कथा. कथेतली पदे पात्रे म्हणत नसत. सूत्रधार एका बाजूला उभा राहून म्हणे आणि पात्र त्या पदाला धरून आयत्या वेळी सुचेल ते भाषण करी. राक्षस आला की 'अलल डुर्र' अशी आरोळी आणि झांजांचा कल्लोळ.

आज 45 मिनिटांत हे नीट बसते. मंगलाचरण 3 मिनिटे, विदूषक 6, गणपती 3, सरस्वती 4, उरलेल्या वेळात स्वयंवराचे पाच प्रवेश : जनकाचा पण, विश्वामित्रासह राम-लक्ष्मणांचे आगमन, राजांची फजिती, रावणाची फजिती, धनुर्भंग आणि वरमाला. सहावा प्रवेश घालू नका. परशुरामाचा मोह होतो, पण तो आला की धनुर्भंगाचा परिणाम विरतो आणि मुले थकतात.

मुले 18 लागतील. सूत्रधार 1, साथीदार 4 (मृदंग, दोन झांजा, सूर धरायला एक), विदूषक, गणपती, सरस्वती, जनक, राम, लक्ष्मण, सीता, रावण, दोन राजे, पडदा धरणारे दोघे, धनुष्य आणणारा एक सेवक. गणपती झालेल्या मुलाला मुखवटा काढून विश्वामित्र करा, सरस्वतीला सीतेची सखी आणि विदूषकाला दुसरा सेवक. विदूषक सेवक का, ते धनुष्याच्या उत्तरात येईल. त्या काळी स्त्रियांची कामे पुरुष करत. आज मुलींना ती द्यायलाच हवीत आणि सूत्रधाराचे काम एखाद्या खणखणीत गळ्याच्या मुलीकडे गेले तर फार चांगले. सगळा खेळ सूत्रधाराच्या आवाजावर उभा असतो. रामापेक्षा त्याची निवड आधी करा.

प्रश्न : संहिताच नाही, तर तालीम कशाची घ्यायची? मुले गोंधळतात. (तीच शिक्षिका, आणि ठाण्याचे एक हौशी दिग्दर्शक)

उत्तर : इथेच बहुतेक प्रयोग घसरतात, म्हणून सविस्तर सांगतो.

भाषणे लिहून देऊ नका. लिहून दिली की मुले पाठ करतात आणि मग हे नेहमीचे स्नेहसंमेलनातले नाटक होते. त्याऐवजी प्रत्येक प्रवेशासाठी पोस्टकार्डाएवढे एक कार्ड करा आणि त्यावर चारच गोष्टी लिहा : कोण येतो, त्याला काय ठाऊक आहे, त्याला काय हवे आहे, आणि तो कोणत्या शब्दावर थांबतो. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जनक 'हाच माझा पण' म्हणाला की सूत्रधाराने पुढचे पद उचलायचे. हा थांबण्याचा शब्द ठरलेला नसेल तर पात्र बोलतच राहते किंवा दोघांच्यामध्ये भयाण शांतता पसरते.

पहिला आठवडा फक्त पदांचा. सगळ्या 18 जणांना सगळी पदे यायला हवीत, कारण भाषणाचे बीज पदात असते. दुसऱ्या आठवड्यात बसूनच प्रवेश करा : सूत्रधार पद म्हणेल, पात्र जागेवरून बोलेल. प्रत्येकाला एक मिनिट. घड्याळ लावा. तिसऱ्या आठवड्यात उभे राहून, पडद्यासह, वेषासह. दररोज एक तास पुरतो.

तीन चुका हमखास होतात. पहिली, मुले पदातलेच शब्द गद्यात परत म्हणतात. अशा वेळी पात्राला पदात नसलेला एक प्रश्न विचारा : 'जनका, हे धनुष्य तुझ्या घरी आले कसे?' मूल आपोआप आपल्या भाषेत बोलू लागते. दुसरी, दोघे एकदम बोलतात. ज्याच्या अंगावर सूत्रधाराने हात केला त्यानेच बोलायचे, असा नियम ठेवा. तिसरी, विदूषकाला हशा मिळाला की तो सोडत नाही. त्याच्यासाठी झांजेचे तीन ठोके ही निघण्याची खूण ठरवून टाका. तिसऱ्या ठोक्याला वाक्य अर्धे असले तरी थांबायचे.

बोलीचा प्रश्न काहींनी विचारला आहे. देव-राजांची भाषणे संस्कृतप्रचुर आणि विदूषकाची लोकांची, हा फरक राखा. विदूषकाने आपल्या गावचीच भाषा बोलावी. विट्याच्या मुलाने पुणेरी बोलायचा प्रयत्न करू नये.

प्रश्न : पदे कुठली घ्यावीत? परवानगी लागते का? (एक ग्रंथपाल, जत)

उत्तर : भाव्यांनी आपल्या आख्यानांची पदे 1885 साली 'नाट्यकवितासंग्रह' या नावाने प्रसिद्ध केली. जुन्या सार्वजनिक वाचनालयांत चौकशी करा. ते 1901 मध्ये निवर्तले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतात, त्यामुळे ही पदे केव्हाच सर्वांची झाली आहेत. मात्र अलीकडच्या संपादकाची प्रस्तावना, टिपा किंवा कुणी नव्याने बांधलेली चाल ही ज्याची त्याची असते. ती विचारल्याशिवाय वापरू नका.

संग्रह मिळाला नाही तर अडून बसू नका. श्रीधरस्वामींच्या 'रामविजया'त सीतास्वयंवराच्या ओव्या आहेत. त्याहून जवळची गोष्ट म्हणजे समर्थशिष्या वेणाबाईंचे 'सीतास्वयंवर'. वेणाबाईंचा मठ मिरजेत, म्हणजे सांगलीपासून दहाएक किलोमीटरवर. ज्या परिसरात ही कथा एका स्त्रीने ओवीत गायली, तिथेच पुढे ती रंगमंचावर उभी राहिली. मुलांना हे जरूर सांगा. पण ओव्या वेणाबाईंच्या असतील तर निवेदनात तसे म्हणा, भाव्यांच्या नावावर खपवू नका.

शाळेबाहेर सभागृह घेऊन जाहीर प्रयोग करणार असाल, तर महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यासाठी लिखित संहिता द्यावी लागते. उत्स्फूर्त भाषणांच्या नाटकाची अडचण इथे होते. उपाय सोपा आहे. भाषणे स्थिरावली की एका पूर्ण तालमीचे ध्वनिमुद्रण करा, ते उतरवून काढा आणि तीच संहिता म्हणून पाठवा. हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, म्हणजे तालमी तेवढ्या आधी सुरू करा. उघड्यावर ध्वनिवर्धक लावणार असाल तर पोलिसांची परवानगी वेगळी आणि रात्री 10 ही मर्यादा.

प्रश्न : पडदा, प्रकाश, रंगभूषा आणि ते मोडणारे धनुष्य यांची कृती द्या. (एक कलाशिक्षक, इचलकरंजी)

उत्तर : *पडदा.* मागे-पुढे सरकणारा नको. दोघांनी हातात धरायचा साधा लाल पडदा हवा. 36 इंच पन्ह्याचा लाल मांजरपाट साडेसहा मीटर घ्या. त्याचे 10-10 फुटांचे दोन तुकडे आडवे जोडले, की शिवण धरून साडेपाच फूट उंचीचा पडदा होतो. दोन्ही टोकांना सात फुटी बांबू शिवून टाका. वरच्या दुमडीतून जाड नाडी ओढून दोन्ही बांबूंना ताठ बांधा, नाहीतर मधे झोळ पडतो आणि मागचा गणपती आधीच दिसतो. दोन्ही मुले सारख्या उंचीची निवडा. पडदा खाली टाकून काढायचा नाही. एकाने जागेवर उभे राहायचे आणि दुसऱ्याने त्याच्याकडे चालत जायचे. म्हणजे पाय अडकत नाहीत. पडद्यावरून आधी फक्त मुकुट दिसावा, मग पडदा हलावा, मग पात्र. रावणाच्या वेळी हे जितके लांबवाल तितके रंगते.

*प्रकाश.* तेव्हा दिवट्या आणि समया असत. मुलांच्या जवळ, कापडी पडद्याजवळ उघडी ज्योत नको, हे निक्षून सांगतो. पिवळसर प्रकाशाचे दोन एलईडी फ्लड समोर जमिनीवर, एकमेकांपासून पाच फुटांवर, वर तोंड करून ठेवा. फक्त खालून प्रकाश आला तर नाकाची सावली कपाळावर जाते आणि सीताही राक्षसीण दिसते. म्हणून वरून एक मंद दिवा हवाच. रावणाच्या प्रवेशाला तेवढा वरचा विझवा. आणखी एक गोष्ट : पिवळ्या प्रकाशात निळा रंग काळपट हिरवा दिसतो. रामाला गडद निळे रंगवाल तर चेहऱ्यावरचे भाव दिसणार नाहीत. फिकट आकाशी घ्या आणि त्या दिव्यांखाली आधी पाहून घ्या.

*रंगभूषा.* जुन्या रंगपटात सफेदा, हिंगूळ, हरताळ वापरत. ते परत आणायचा हट्ट कुणी धरू नये. सफेद्यात शिसे, हिंगुळात पारा आणि हरताळात अर्सेनिक असते. चेहऱ्याला लावायचे पाण्यात विरघळणारे तयार रंग वापरा, आदल्या दिवशी कानामागे ठिपका लावून खाज येते का ते पाहा. गुलाल आणि रंगपंचमीचे रंग चेहऱ्यावर नकोत. मुकुट पुठ्ठ्याचे करा, आतून स्पंजची पट्टी लावा आणि हनुवटीखाली नाडी बांधा. रावणाचा मुकुट सर्वांत जड होतो आणि नेमका तोच पडतो.

*धनुष्य.* साडेतीन फुटांचे दोन वेत घ्या. 20 सेंटिमीटर लांबीच्या पीव्हीसी नळीत दोन्हींची टोके 10-10 सेंटिमीटर जातील. एक वेत पक्का चिकटवा, दुसरा नुसता खोचा. खोचलेल्या टोकाला कापडी चिकटपट्टीचा एकच वेढा द्या, म्हणजे बसतोही आणि ओढल्यावर निघतोही. आता नळी आणि तो वेत यांना आरपार भोक पाडून तीन इंची खिळा घाला, खिळ्याच्या डोक्याला लाल दोरा बांधा. हा खिळा नसेल तर धनुष्य रावणाच्याच हातात मोडते आणि सीतेचे लग्न भलत्याशी लागते. दोरी सुती, मधोमध कापून एक इंच वेलक्रोने जोडलेली. सगळ्याला सोनेरी कागद.

रावण धनुष्य उचलतो, ते त्याच्या छातीवर पडते, तो ओरडतो. ते काढायला दोन सेवक येतात. त्यांतला एक आपला विदूषक. गडबडीत, प्रेक्षकांना पाठमोरा राहून, खिळा त्याने काढायचा. सबंध नाटकात प्रेक्षकांच्या हशाला न बावरणारे मूल तेच असते, म्हणून हे काम त्याच्याकडे. रामाने दोरी ओढली की वेलक्रो आणि सांधा एकदम सुटतात. आवाज मृदंगाचा आणि पितळी थाळीचा. मृदंगवाल्याने रामाच्या हाताकडे न पाहता उजव्या पायाकडे पाहावे. राम पाय पुढे आपटेल त्याच क्षणी थाप. हाताकडे पाहिले तर थाप नेहमी उशिरा पडते.

माइक एकच, तो सूत्रधाराला. झांजा माइकपासून सहा फूट मागे, नाहीतर पदाचे शब्द ऐकू येणार नाहीत.

प्रश्न : पहिले मराठी नाटक म्हणजे किर्लोस्करांचे 'शाकुंतल' असे आम्ही शिकलो होतो. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात झाले आणि तिथून संगीत नाटकाचा काळ सुरू झाला. त्यात पात्रे स्वतः गाऊ लागली, भाषणे लिहिलेली झाली. भाव्यांच्या 'सीता स्वयंवरा'नंतर 37 वर्षांनी. किर्लोस्करांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे, हा धागा मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे.

प्रश्न : आमच्याकडे 5 नोव्हेंबर बहुतेक वेळा दिवाळीच्या सुट्टीत येतो. शाळेने मग काय करावे? (मुख्याध्यापिका, तासगाव)

उत्तर : सांगलीच्या बाबतीत सबंध नोव्हेंबरच नाटकाचा आहे. 13 नोव्हेंबर 1855 हा देवलांचा जन्मदिवस. म्हाताऱ्या नवऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्याच्या चालीवर 'संगीत शारदा'तून आघात करणारे आणि 'संशयकल्लोळ'मधून महाराष्ट्राला हसवणारे ते हेच. 25 नोव्हेंबर 1872 रोजी सांगलीतच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर जन्मले. 'कीचकवधा'तून त्यांनी परकीय सत्तेवर असा वार केला, की सरकारला ते नाटक बंद करावे लागले. आणि 'मानापमान', 'स्वयंवर'ही त्यांचीच. तेव्हा सुट्टीनंतर 13 किंवा 25 तारीख धरा. भाव्यांचे आख्यान आणि त्याला जोडून 'शारदा'तला एखादा प्रवेश, असे केले तर सूत्रधाराच्या गाण्यापासून पात्राच्या गाण्यापर्यंतचा प्रवास मुलांना डोळ्यांनी दिसतो.

प्रश्न : रंगभूमी दिनाला सांगलीला यायचे आहे. एका दिवसात काय पाहावे? (एक दांपत्य, पुणे)

उत्तर : सकाळी लवकर कृष्णाकाठच्या गणपती मंदिरापासून सुरुवात करा. हे मंदिर पटवर्धनांनी उभारलेले, म्हणजे ज्यांनी विष्णुदासांना नाटक करायला सांगितले त्याच घराण्याचे. तिथून राजवाडा परिसर. मग हरिपूर. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे संगमेश्वराचे देऊळ आणि देवलांचे गाव एकाच फेरीत होते. हळदीची जुनी पेवे याच गावाची. जमिनीत खोल खड्डे घेऊन त्यांत हळद साठवायची पद्धत इथे होती. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

दुपारी मिरजेला जा. तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची दुकाने एका गल्लीत ओळीने आहेत. पंढरपूर भागातून येणारे भोपळे टांगलेले दिसतील. पाहायला हरकत नसते, पण कारागीर जवारी लावत, म्हणजे तारेचा नाद जुळवत, असेल तर बोलू नका. ते काम पूर्ण कानाने चालते. बालगंधर्व 'शाकुंतला'त प्रथम उभे राहिले ते याच मिरजेत, 1905 साली.

संध्याकाळी सांगलीत परत या. विष्णुदास भावे यांच्या नावाचे नाट्यगृह तिथे आहे आणि अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समिती दरवर्षी 5 नोव्हेंबरला विष्णुदास भावे गौरव पदक देते. रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या कलावंताला ते मिळते. या शहराला नाट्यपंढरी म्हणतात ते उगाच नाही. 1943 मध्ये मराठी रंगभूमीची शताब्दी आली, तेव्हा नाट्यसंमेलन इथेच भरले आणि वि. दा. सावरकर अध्यक्ष होते. पण संमेलनापेक्षाही सांगलीकर प्रेक्षक पाहायला जा. नाट्यपद सुरू होताना कुजबुज थांबते, चुकीच्या जागी टाळी पडत नाही.

प्रश्न : बंगळुरूच्या मराठी मंडळात रंगभूमी दिन करताना कन्नड मित्रांना कसे सामावून घ्यावे? (मंडळाचे कार्यकर्ते)

उत्तर : याहून योग्य जागा नाही. विष्णुदासांना ज्या खेळाने चालना दिली तो कर्नाटकाचाच. यक्षगानाच्या एखाद्या मंडळीला बोलवा आणि एकच कथा आधी त्यांनी अर्धा तास, मग तुम्ही अर्धा तास, अशी लावा. साम्ये प्रेक्षकांना आपोआप दिसतील : तिकडे मुख्य गायक, म्हणजे भागवत, पदे म्हणतो, इकडे सूत्रधार. तिकडे पदानंतर पात्र आयत्या वेळी अर्थ सांगत बोलते, इकडेही. त्यांच्याकडे गायक-वादकांना हिम्मेळ आणि पात्रांना मुम्मेळ म्हणतात. फरकही दाखवा. त्यांचा चंडे नावाचा ढोल फार मोठ्याने वाजतो, नृत्य अवघड आणि वेष भव्य असतो. म्हणून क्रम उलटा लावू नका, आणि मधे पंधरा मिनिटे जाऊ द्या. चंडेनंतर लगेच मृदंग कानाला लागत नाही.

प्रश्न : भाव्यांच्या बाहुल्यांबद्दल वाचले. त्या आहेत का अजून? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : हो. विष्णुदासांनी लाकडी कळसूत्री बाहुल्याही केल्या होत्या. बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून त्यांचा खेळ पुन्हा उभा केला.

प्रश्न : प्रयोगानंतर शंभर माणसांना सांगलीच्या पद्धतीचे काहीतरी द्यायचे आहे. (एक गृहनिर्माण संस्था, डोंबिवली)

उत्तर : भडंग. सांगली-जयसिंगपूर भागाची ओळख, हातात धरून खाता येते आणि आदल्या दिवशी करता येते. चुरमुरे 2 किलो, शेंगदाणे अर्धा किलो, तेल 400 मिली, लसूण 150 ग्रॅम, कढीलिंब दोन वाट्या, तिखट 60 ग्रॅम, धने-जिरे पूड 40 ग्रॅम, हळद दोन चमचे, पिठीसाखर 80 ग्रॅम. मीठ आधी 30 ग्रॅमच, कारण चुरमुरे खारे असतात.

चुरमुरे दोन तास उन्हात ठेवा किंवा मोठ्या कढईत मंद आचेवर परता. बोटात चुरगळल्यावर कुर्रर्र आवाज आला पाहिजे. तेलात शेंगदाणे तळून बाजूला काढा. मग ठेचलेला लसूण पूर्ण खरपूस होईपर्यंत तळा. तो मऊ राहिला तर दुसऱ्या दिवशी सगळे भडंग सादळते. त्यातच कढीलिंब कुरकुरीत करा. आच बंद करून दोन मिनिटे थांबा आणि मगच हळद, तिखट, धने-जिरे पूड घाला. उकळत्या तेलात तिखट पडले की ते काळे आणि कडू होते. हे तेल चुरमुऱ्यांवर तीन वेळा थोडे थोडे ओतून हाताने वरखाली करा. साखर आणि मीठ अगदी शेवटी, पूर्ण गार झाल्यावर. दोन मोठ्या डब्यांत घट्ट झाकून ठेवा. कच्चा कांदा आणि कोथिंबीर वेगळी न्या आणि कागदी पुडी हातात देताना वर घाला, आधी मुळीच मिसळू नका.